कॉक फिरत नाही, तर विमान उडता कामा नये!

ज्या विमानाच्या इंधनाचा कॉक वैमानिकाला पट्टा बांधून, जागेवर बसल्या बसल्या, नजर समोर ठेवून एका हाताने फिरवता येत नाही, ते विमान उडण्याच्या लायकीचे नाही. हे आम्ही कोणाचीही भीड न बाळगता सांगतो. मग ते विमान कितीही देखणे असो, बांधणाऱ्याने त्यावर आयुष्यातली दहा वर्षे खर्ची घातलेली असोत, की मालकाच्या वहीत हजारो तासांच्या उड्डाणांची नोंद असो. घरी बांधलेल्या विमानांच्या जगात ‘कॉक थोडा घट्ट आहे’ असे सहज सांगितले जाते, ऐकणारा मान डोलावतो आणि दोघेही पुढच्या विषयाकडे वळतात. या बेफिकिरीने माणसे मेली आहेत, आणि ती बेफिकिरी मात्र अजून जिवंत आहे. तिच्यावर आज आम्हाला प्रहार करायचा आहे.

हा कॉक करतो काय, ते आधी समजून घेतले पाहिजे. लहान विमानात इंधन बहुधा दोन बाजूंच्या दोन टाक्यांत साठवलेले असते. पंख छपरावर असतील तर इंधन आपल्या भारानेच खाली उतरते, म्हणून दोन्ही टाक्या एकाच वेळी उघड्या ठेवता येतात. टाक्या खालच्या बाजूला असतील तर इंधन पंपाने ओढावे लागते. अशा वेळी दोन्ही टाक्या एकदम उघडल्या आणि त्यांतली एक रिकामी झाली, तर पंप भरलेल्या टाकीतले इंधन सोडून रिकाम्या टाकीतली हवा ओढू लागतो. म्हणून या विमानांत इंजिनाला एका वेळी एकाच टाकीतून इंधन मिळते, आणि ते कोणत्या टाकीतून घ्यायचे हे वैमानिक कॉक फिरवून ठरवतो: डावी, उजवी किंवा बंद. दोन्ही बाजूंचे वजन सारखे राहावे म्हणून उड्डाणात ही अदलाबदल ठरावीक वेळाने करावीच लागते. ज्यांनी बजाजची जुनी स्कूटर चालवली आहे त्यांना पेट्रोल संपत आल्यावर सीटखाली हात घालून कॉक ‘रिझर्व्ह’वर नेणे चांगले ठाऊक आहे. तो कॉक फिरला नाही, तर स्कूटर रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशाला कड नसते.

आता १२ ऑक्टोबर १९९७ या दिवसाकडे वळू. त्या दिवशी संध्याकाळी ५ वाजून १२ मिनिटांनी अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे विमानतळावरून जॉन डेन्व्हर या जगप्रसिद्ध गायकाने आपले लाँग-ईझेड विमान उडवले. बर्ट रुटान या प्रतिभावंत अभियंत्याने आखलेले हे विमान फोम आणि फायबरग्लासचे. त्याचे इंजिन पाठीमागे आणि छोटा पंख नाकाशी. त्याचे आराखडे विकत घेऊन लोकांनी ते आपल्या गॅरेजमध्ये बांधले. डेन्व्हर नवशिका नव्हता, त्याच्या नावावर सुमारे २,७५० तासांचे उड्डाण होते. हे विमान मात्र त्याने नुकतेच विकत घेतलेले होते. ५ वाजून २८ मिनिटांनी पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्याजवळ ते समुद्रात कोसळले आणि डेन्व्हर जागीच ठार झाला. वय अवघे ५३ वर्षे.

का कोसळले? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला, आणि जे बाहेर आले ते वाचून कोणाही समंजस माणसाचे रक्त तापल्याशिवाय राहणार नाही. रुटानच्या आराखड्यात इंधनाचा कॉक वैमानिकाच्या पुढ्यात, दोन पायांच्या मधोमध होता. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेला. हेतू चांगला होता: इंधनाच्या नळ्या बसण्याच्या जागेत नकोत. परंतु परिणाम काय झाला? टाकी बदलायची तर वैमानिकाने विमान चालवण्याची दांडी सोडायची, अंग वळवायचे, उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे न्यायचा आणि न दिसणारी, घट्ट झालेली कॉकची मूठ फिरवायची. त्या मुठीवर कोणती दिशा कोणत्या टाकीची, याची खूण नाही. इंधन किती उरले हे दाखवणाऱ्या काचाही मागेच, आणि त्यांच्यावरही मापाच्या रेघा नाहीत.

हे सारे उड्डाणापूर्वी माहीत होते! आमचा संताप आहे तो याच गोष्टीवर. विमानतळावरचा एक तंत्रज्ञ आणि डेन्व्हर यांच्यात त्या कॉकवर बोलणे झाले होते. मूठ लांब व्हावी म्हणून तिला लॉकिंग पक्कड लावून पाहिली गेली. तिचा उपयोग झाला नाही. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून वैमानिकाच्या हाती एक आरसा देण्यात आला. टाकी बदलताना विमान सरळ राहावे म्हणून ऑटोपायलट लावू, असे ठरले. इंधन भरून घेण्याबद्दल विचारले, तेव्हा तासाभराचेच उड्डाण आहे, म्हणून ते नाकारले गेले. पक्कड, आरसा, ऑटोपायलट! एका घट्ट कॉकपायी तीन क्लृप्त्या पुढे आल्या, आणि कॉक दुरुस्त होईपर्यंत विमान उडणार नाही, हा एकच सरळ निर्णय कोणी घेतला नाही.

मंडळाने अशा जागी माणसे बसवून पाहिले. खांद्यामागचा कॉक गाठण्यासाठी अंग वळवले की उजवा पाय आपोआप ताठ होतो आणि उजव्या रडरचे पेडल दाबले जाते. समुद्रावर काहीशे फुटांवर असताना, इंजिनाला इंधन मिळेनासे झाले असताना, वैमानिक मागे वळला. पेडल दाबले गेले. विमान हाताबाहेर गेले. मंडळाने वैमानिकाला दोषमुक्त केलेले नाही. इंधन न भरणे, लक्ष विचलित होणे आणि या जातीच्या विमानाचा पुरेसा सराव नसणे, हे दोष अहवालात स्पष्ट नोंदले आहेत. पण त्याच अहवालात, हाताला न पोहोचणारी, खुणा नसलेली मूठ आणि खुणा नसलेल्या काचा यांनाही कारणांच्या मालिकेत जागा दिली आहे. त्यांच्याकडे डोळेझाक करून ‘वैमानिकाची चूक’ असे म्हणत हात झटकणाऱ्यांना आमचा सवाल आहे: एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला न फिरणारा कॉक असा पेच कोणत्याही माणसासमोर टाकण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? माणूस चुकतो, हे सर्वांना माहीत आहे. म्हणूनच यंत्र असे असावे लागते की माणसाची एक चूक त्याचा जीव घेणार नाही.

आता कॉक घट्ट होतो कसा, ते पाहू. कारण ‘जुने झाले की घट्ट होणारच’ ही समजूतही आम्हाला उखडून टाकायची आहे. पितळी कॉकच्या एका जुन्या जातीत पितळी कवचात निमुळता पितळी डाट बसतो आणि स्प्रिंग त्याला घट्ट धरून ठेवते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर अचूक घासून बसवलेले असतात. त्यांच्यामध्ये इंधनात न विरघळणाऱ्या ग्रीसचा पातळ थर हवा. तो थर वर्षानुवर्षे इंधनाने धुऊन निघतो. मग पितळावर पितळ घासते, ओरखडे पडतात, त्यांत नळीतला कचरा अडकतो आणि मूठ जड होत जाते. रबरी ओ-रिंगांवर फिरणाऱ्या कॉकचे दुखणे वेगळे. इथेनॉल मिसळलेल्या मोटारीच्या पेट्रोलात चुकीच्या जातीचे रबर फुगते. तेच विमान टाक्या रिकाम्या ठेवून महिनोन्‌महिने हँगरमध्ये पडून राहिले, की रबर सुकून आकसते आणि कडक होते. कॉक वर्षभर एकाच जागी राहिला तर तो तिथेच रुतून बसतो. मूठ आणि कॉक यांच्यामध्ये लांब दांडा व फिरते सांधे असतील आणि ते एका रेषेत नसतील, तर कॉक ठीक असूनही मूठ अडते. यात गूढ काही नाही. हातात पाना घेऊन बसलेल्या माणसाला ही कारणे एका दुपारी शोधता येतात.

आणि उपाय? तोही ठाऊक आहे. टाक्या रिकाम्या करा, बॅटरीची जोडणी काढा, हँगरची दारे उघडी ठेवा, अग्निशामक हाताशी ठेवा आणि कॉक काढा. पण काढण्याआधी दांडा कॉकपासून सुटा करून पाहा; दांड्याविना कॉक सहज फिरला, तर दोष दांड्यात आहे आणि तो तिथेच दुरुस्त करा. दोष कॉकमध्ये असेल तर तो उघडा, साफ करा, भिंगातून पाहा. ओरखडे खोल असतील, डाट झिजला असेल किंवा गळती असेल, तर दया दाखवू नका, नवा कॉक बसवा. ओ-रिंगा बदलायच्या तर वापरात असलेल्या इंधनाला मानवणाऱ्या रबराच्याच बसवा. ग्रीस लावायचे तर इंधनाच्या कॉकसाठीच बनवलेले, इंधनात न विरघळणारे लावा, आणि तेही अगदी पातळ. चाकाच्या बेअरिंगचे साधे ग्रीस धुऊन जाते आणि कार्ब्युरेटरच्या जाळीत अडकते. कॉकच्या जोडांना टेफ्लॉनची फीत गुंडाळणाऱ्यांना आम्ही कडक शब्दांत बजावतो: तिचा एक तुकडा सुटून नळीत गेला, तरी इंजिन बंद पडू शकते.

कॉक बसवला की काम संपत नाही, तिथून तपासणी सुरू होते. प्रत्येक जोडावर गळती पाहा. मुठीचा बाण ज्या टाकीकडे आहे, त्याच टाकीचे तोंड खरोखर उघडले आहे का, हे नळी सोडून डोळ्यांनी पाहा. कारण झिजलेल्या दांड्यावर मूठ घसरून उलट्या बाजूला बसते, आणि मग वैमानिक ज्या टाकीला भरलेली समजतो, ती रिकामी असते. दोन जागांच्या मध्येच मूठ थांबली तर इंजिन उपाशी राहते, म्हणून प्रत्येक जागी बोटांना जाणवणारा स्पष्ट खटका हवा. नाक वर, चढाईच्या कोनात विमान ठेवून प्रत्येक टाकीचा प्रवाह मोजा. अमेरिकी प्रमाणित विमानांच्या नियमावलीने यासाठी आकडे घालून दिले होते: उड्डाणाच्या वेळी इंजिनाला लागणाऱ्या इंधनाच्या तुलनेत, इंधन आपल्या भाराने येत असेल तर १५० टक्के आणि पंपाने येत असेल तर १२५ टक्के. हे आकडे घरी बांधलेल्या विमानावर सक्तीचे नाहीत, म्हणून ते पाळू नयेत, असे कोणता शहाणा म्हणेल? शेवटी इंजिन जमिनीवरच दोन्ही टाक्यांवर आळीपाळीने चालवा आणि ‘बंद’वर नेल्यावर ते खरोखर थांबते का, हे पाहा.

आता आम्हाला नेहमी ऐकवल्या जाणाऱ्या सबबींचा समाचार घेऊ. पहिली सबब खर्चाची. नव्या चांगल्या कॉकची किंमत विमानाच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे. जो माणूस नव्या रंगासाठी आणि रंगीत पडद्यांच्या उपकरणांसाठी हजारो डॉलर मोजतो, त्याने कॉकच्या किमतीचे रडगाणे गाऊ नये. दुसरी सबब स्वातंत्र्याची. घरी विमान बांधण्याचा हक्क आम्हालाही प्रिय आहे. १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन उभारली आणि सामान्य माणसाला आपल्या हातांनी विमान बांधून उडवण्याची वाट मोकळी केली. हे काम थोर आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग शिक्षणासाठी व आनंदासाठी स्वतः बांधायचा, या अटीवर अमेरिकेचा कायदा ही मुभा देतो. पण त्याच कायद्याने आणखी एक मुभा दिली आहे, आणि तिच्यामुळे या मालकांचा गुन्हा अधिक गंभीर ठरतो. कारखान्यात बनलेल्या विमानाच्या मालकाला असा कॉक बदलायचा तर परवानाधारक मेकॅनिकच्या सहीवाचून गत्यंतर नसते. घरी बांधलेल्या विमानाच्या मालकाला मात्र देखभालीचे काम स्वतःच्या हातांनी करता येते. परवानाधारकाची सही लागते ती वार्षिक तपासणीला. म्हणजे ज्यांना दुरुस्तीचे पूर्ण स्वातंत्र्य आहे, तेच दुरुस्ती टाळतात! स्वातंत्र्य हवे, पण त्याची जबाबदारी नको, हे आम्ही कदापि मान्य करणार नाही.

तिसरी सबब सर्वांत वाईट: ‘मला त्याची सवय झाली आहे.’ तुम्हाला सवय झाली असेल, पण ज्याला उद्या तुम्ही ते विमान विकाल, त्याला नाही! हा कल्पनेचा खेळ नाही. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा सखोल अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ या एका वर्षात अशा विमानांचे दोनशेहून अधिक अपघात झाले होते, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक विमाने सध्याच्या मालकाने बांधलेली नव्हती, तर विकत घेतलेली होती. विमान विकत घेतल्यानंतरचे पहिलेच उड्डाण किती घातक ठरते, हेही त्या अभ्यासाने दाखवले. डेन्व्हर ज्या वाटेने गेला ती वाट अजून बंद झालेली नाही! बांधणाऱ्याची खासगी खोड विकत घेणाऱ्याच्या गळ्यात फास होऊन पडते, आणि फास आवळल्यावर सारे जण वैमानिकाकडे बोट दाखवतात.

नियमन करणाऱ्यांनाही आम्ही सोडणार नाही. प्रमाणित विमानांसाठी अमेरिकेच्या नियमांत कॉकविषयी स्पष्ट कलम होते: ‘बंद’वर नेण्यासाठी वेगळी, जाणीवपूर्वक कृती लागली पाहिजे, आणि एका टाकीवरून दुसरीवर जाताना ‘बंद’ची जागा वाटेत येता कामा नये. घरी बांधलेल्या विमानाला हे बंधन नाही. त्याऐवजी हे विमान प्रमाणित विमानांच्या सुरक्षा नियमांप्रमाणे नाही, असा इशारा देणारी पाटी प्रवाशाला दिसेल अशी लावली, की कायद्याचे समाधान होते. डेन्व्हरच्या मृत्यूनंतर मंडळाने मुठी व काचांवरील खुणा तपासल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये, अशी शिफारस केली. २०१२ मध्ये इंधनव्यवस्थेची चाचणी घेऊन तिचा लेखी अहवाल प्रमाणपत्रापूर्वी सादर करण्याची सक्ती करावी, असेही सांगितले. एकाच विषयावर त्याच मंडळाला अनेक वर्षांनी पुन्हा बोलावे लागते, ही कोणत्याही शासनाला शोभणारी गोष्ट नाही.

महाराष्ट्रानेही याकडे परक्यांचे दुखणे म्हणून पाहू नये. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांचा पराक्रम मराठी माणसाने अभिमानाने पाहिला. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते विमान लोकांसमोर आले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्यात त्याने आकाशात झेप घेतली. परवानगीसाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. ही वाट त्यांच्या मागून येणाऱ्या तरुणांसाठी रुंद झालीच पाहिजे, अशी आमची ठाम मागणी आहे. पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अमेरिकेकडून स्वातंत्र्य घेताना तिथल्या चुकाही सोबत आणल्या, तर उद्या इथल्या एखाद्या गच्चीवरून उठलेल्या स्वप्नाचा शेवटही असाच होईल. कागद अडवून ठेवणारे निरीक्षक आम्हाला नकोत. कॉकच्या मुठीला हात घालून तो फिरतो का, हे पाहणारे निरीक्षक हवेत.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. वार्षिक तपासणीत निरीक्षकाने वैमानिकाच्या जागेवर, खांद्याचे पट्टे आवळून बसावे आणि मूठ दोन्ही टाक्यांवर व ‘बंद’वर फिरवून पाहावी. मुठीला स्प्रिंग-काटा लावून किती जोर लागतो हे मोजावे आणि आकडा विमानाच्या नोंदवहीत लिहावा. दर वर्षी आकडे शेजारी शेजारी आले की कॉक घट्ट होऊ लागल्याचे आधीच कळते, आणि मग ‘थोडा घट्ट’ म्हणायला जागाच उरत नाही. मूठ अडली, तर सही नाही. आराखड्यातील कॉकची जागा बदलायची असेल, तर नव्या जागी वैमानिकाचा हात अंग न वळवता पोहोचतो, हे सिद्ध केल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. मुठीवर प्रत्येक टाकीची खूण, ‘बंद’ची लाल खूण आणि त्यासाठी वेगळी कळ हवी, इंधनाच्या काचांवर मापाच्या रेघा हव्यात. विमान विकताना आराखड्यापासून केलेला प्रत्येक बदल लेखी देणे बंधनकारक करावे, आणि नव्या मालकाने डोळे मिटून, पट्टा बांधून, जमिनीवर टाकी बदलून दाखवल्याशिवाय व पुरेसे इंधन भरल्याशिवाय पहिले उड्डाण करू नये. विमान बांधणाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या तांत्रिक सल्लागारांना हे पहिले कर्तव्य म्हणून सांगावे. विमा कंपन्यांनी हीच अट आपल्या करारात घालावी.

यात अवघड काय आहे? शोध लावायचे नाहीत, कोट्यवधींचा निधी नको, नवे मंत्रालय नको. एक पितळी तुकडा, एक चमचा ग्रीस, एक स्प्रिंग-काटा आणि सही करण्यापूर्वी नाही म्हणण्याचे धैर्य, एवढेच पुरे आहे. ज्याच्या अंगी हे धैर्य नाही, त्याने दुसऱ्याच्या जिवावर आपली सही करू नये. ज्या मालकाला ही अट जाचक वाटते, त्याने विमान हँगरमध्ये ठेवावे. घरी विमान बांधणारे लोक चिकाटीचे आणि हुशार असतात. त्यांच्याकडे आम्ही दया मागत नाही, त्यांच्या पात्रतेला शोभेल असे वागणे मागतो. कॉक दुरुस्त करा, नाहीतर जमिनीवर राहा. तिसरा मार्ग आम्हाला मान्य नाही, आणि तो कोणत्याही निरीक्षकाने, संघटनेने किंवा सरकारने यापुढे मान्य करता कामा नये!